सेमी की बोल्ट: शंभर मीटरवर खरं किती धरायचं?

गेल्या पोळ्याच्या सुमारास आठवडाभराच्या अंतरानं दोघं जण माझ्या ओसरीत येऊन बसले. पहिला पुतण्या. कॉलेजात एनसीसीत आहे, पॉइंट टू टू (.22) रायफल बरी चालवतो. त्यानं मोबाइल पुढं धरला. "काका, पाहा न, हे सेमी शंभर मीटरवर एका इंचात तीन गोया ठोकते. मंग बोल्टची कायले घ्याची?" दुसरे आमच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले भाऊ. वडिलांची थ्री-फिफ्टीन (.315) रायफल वारसानं त्यांच्या परवान्यावर आली आहे. कपाशीत डुकरं आणि तुरीत रोही (नीलगाय) शिरले, की त्यांना ती जुनाट वाटायला लागते. "एक गोयी मारली का बोल्ट ओढत बसा, तोवर कळप नाल्यापार," हे त्यांचं गाऱ्हाणं. त्यांनाही सेमीच पाहिजे होती, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणारी रायफल; बोल्टवर ते दर वेळी हातानं बोल्टची दांडी ओढून चढवावं लागतं.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. नेमबाज म्हणून माझं नाव कधी बोर्डावर लागलं नाही, पण ज्यांचं लागलं त्यांच्या रायफली माझ्या बाकावरून गेल्या. तेव्हा दोघांना जे सांगितलं ते इथं एकत्र लिहितो.

आधी कायदा, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. दर गोळीला चाप ओढावा लागतो पण पुढचं काडतूस आपोआप चढतं, ती सेमी-ऑटोमॅटिक. अशी रायफल आपल्याकडं प्रतिबंधित वर्गात येते. शेतकऱ्याच्या साध्या परवान्यावर ती चढत नाही. 7.62 किंवा .303 सारखे फौजी बोअरही (नळीचं माप) नाहीत. मिळते ती .315, .30-06 किंवा .22, आणि आपल्या कारखान्यांत बनणाऱ्या या तिन्ही बोल्टच्याच. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे एक जागा चुकीच्या बंदुकीनं अडवणं परवडत नाही. आणि डुक्कर असो की रोही, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यावर बंदूक चालवणं 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. भाऊंचा प्रश्न खरं तर इथंच संपला होता. पण ते उठले नाहीत. त्यांना वाटत होतं, कायद्यामुळं आपलं काहीतरी मोठं हुकतंय. ते किती मोठं, हे मोजून दाखवणं भाग होतं.

रायफलीच्या नेमकेपणाचं मोजमाप मिनिटात करतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर तो 2.9 सेंटिमीटर भरतो, पन्नासवर त्याच्या निम्मा. चार मिनिटांची रायफल म्हणजे शंभर मीटरवर सगळ्या गोळ्या साडेअकरा-बारा सेंटिमीटरच्या वर्तुळात, चहाच्या बशीएवढ्या जागेत.

आता आकडे. फौजेतली साधी, रॅकवरून उचललेली सेमी आणि साधं बॉल (फौजी) काडतूस: तीन ते चार मिनिटं. एसएलआर, आमच्या वेळची फौजी सेमी, चांगल्या हातात यातच बसायची. आम्ही तिच्याकडून याहून जास्त मागितलंच नाही. एके-47 च्या घराण्यातल्या रायफली चार ते सहा. तीच सेमी जर मॅचसाठी, म्हणजे स्पर्धेसाठी, बांधलेली असेल, नळीला लाकडाचा किंवा हँडगार्डचा कुठंही स्पर्श नसेल आणि काडतूसही मॅचचं असेल, तर एक ते दीड. चांगली आधुनिक बोल्ट चांगल्या काडतुसानं एकच्या आसपास, आणि त्यासाठी तिला फार खुशामत लागत नाही. भाऊंची .315? उघड्या साइटवर (दुर्बिणीशिवाय), कारखान्याच्या काडतुसानं तीन-चार मिनिटं. म्हणजे ज्या सेमीसाठी ते हळहळत होते तिच्याएवढीच.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, "मंग व्हिडिओतली खोटी का?" खोटी नाही. फक्त तीन गोळ्यांची आहे.

ही गोष्ट सगळ्यात जास्त माणसांना फसवते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो. ग्रुप म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. गोळ्या वाढल्या की हे अंतर वाढतच जातं, कमी कधी होत नाही. रायफल तीच, माणूस तोच, तरी तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीनं तीन सेंटिमीटर येत असेल तर पाच गोळ्यांचा पावणेचारच्या पुढं आणि दहाचा पावणेपाचच्या आसपास येतो. हा गणिताचा भाग झाला. माणसाचा भाग असा, की दिवसभरात दहा ग्रुप मारायचे आणि त्यातला सगळ्यात लहान कॅमेऱ्यापुढं धरायचा. "ती एक माझ्यामुळं सुटली" म्हणून लांबचं भोक सोडून द्यायचं. आमच्याकडंही अशी मंडळी होती. कागदावर पाच भोकं असायची, ग्रुप चारांचा सांगायचे. मी एकच मानतो: दहा गोळ्या, एकच कागद, एकही भोक न वगळता. त्यात जी सेमी दोन मिनिटांत राहते ती उत्तम सेमी. तिला व्हिडिओवाला अर्ध्या मिनिटाची म्हणतो.

बोल्टपेक्षा सेमी मागं का पडते? लोक म्हणतात, आत लोखंड मागं-पुढं धावतं म्हणून. यात अर्धंच तथ्य आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला मिलिसेकंदभर लागतो, आणि बोल्टचं कुलूप उघडेपर्यंत ती बहुधा निघून गेलेली असते. खरा त्रास आधीच सुरू होतो. गॅस घ्यायला नळीला भोक पाडलेलं असतं, त्यावर गॅस ब्लॉक बसवलेला, कुठं पिस्टन, कुठं सिलिंडर. गोळी सुटताना नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते. तिच्यावर जितकं सामान लटकवाल तितका थरथरीत फरक. त्यात स्लिंग (पट्टा) नळीला बांधून ओढली, किंवा नळीवरच बसवलेल्या बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) कधी भार टाकला, कधी नाही, की नेम तसा सरकतो.

दुसरं, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, थोडी सैल ठेवतात. माती, काजळी, घाम, सगळ्यातून काडतूस चढलंच पाहिजे, हा सेमीचा धर्म. बोल्टवाला हातानं काडतूस हळूच सरकवतो. सेमीत ते मॅगझिनमधून उसळून चढणीवर आपटत आत जातं. म्हणून पुष्कळ सेमींची एक खोड असते: हातानं कॉक करून चढवलेली पहिली गोळी एका जागी, आणि पुढच्या नऊ दुसऱ्या जागी. रायफल बिघडली म्हणून माझ्याकडं घेऊन येणाऱ्यांतले निम्मे याच खोडीचे रोगी असायचे.

एसएलआरची आणखी एक गंमत. तिचा बोल्ट मागच्या बाजूनं अडकतो, आणि वरचं झाकण पत्र्याचं, सरकणारं. त्या झाकणावर दुर्बीण बसवून "झिरो (जुळवलेला नेम) टिकत नाही" म्हणणारे भेटायचे. झाकण बोटानं हलवून दाखवलं की गप्प बसायचे. एके-47 घराण्यातही झाकणाचं दुखणं थोडंफार हेच.

चाप हा तर सगळ्यात मोठा फरक, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. फौजी सेमीचा चाप जड आणि लांब असतो. बटन दाबल्यासारखा नाही, बैलगाडीचा दांडा ओढल्यासारखा. चाप सुटल्यावर घोडा गोल फिरून पिनवर आदळतो, तेवढ्यात रायफल जराशी हलते. मॅच बोल्टचा चाप श्वास सोडला तरी सुटेल असा वाटतो. माझा अंदाज असा, की सामान्य माणसाच्या हातात सेमी आणि बोल्टमधला निम्मा फरक नळीचा नसून चापाचा असतो.

आणि डोळ्याचा. उघड्या साइटवर पुढची टीप दोन मिलिमीटर जाडीची आणि डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर असेल, तर शंभर मीटरवर ती पंचवीस सेंटिमीटर जागा झाकते. रायफल एका मिनिटाची असली तरी तुम्ही वीतभर जाडीच्या काठीनं बोट दाखवताय. चाळिशी ओलांडलेल्यांना टीप आणि टार्गेट दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. भाऊंचं वय पंचावन्न आहे. ते चष्मा घरीच ठेवून जागलीला जातात.

आपल्याकडचं ऊन वेगळं धरावं लागतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काडतुसं उन्हात ठेवली तर बारूद जोरात जळतं आणि गोळी वर लागते. म्हणून ती सावलीत, फडक्याखाली ठेवायची. सेमी भराभर चालवता येते म्हणून चालवली जाते, पातळ नळी तापते, आणि ग्रुप एका बाजूला चालू लागतो. तापलेल्या नळीवरून उठणारी हवेची लाट साइटपुढं नाचते ती वेगळीच. बोल्ट ओढायला लागणारा वेळ, ज्याची भाऊंना चीड आहे, तोच नळीला थोडा विसावा देतो. सेमीची खरी कमाई म्हणजे दुसरी गोळी लवकर, आणि गाल दस्त्यावरून न उचलता. पण लवकर सुटलेली दुसरी गोळी पहिलीइतकी नेमकी असते, असं कुणी सांगितलं तर त्याला दहा गोळ्यांचा कागद मागा.

आता निवडायचं कसं. भाऊंसारख्याचं काम पन्नास-साठ मीटरच्या आतलं, तेही अंधारात. पन्नास मीटरवर चार मिनिटं म्हणजे सहा सेंटिमीटरही नाही. तिथं एका मिनिटाची रायफल आणि चार मिनिटांची रायफल यात फरक शोधायला टॉर्च लागेल. त्यांनी .315 बदलायचं काही कारण नाही. मी तिला एकदा हात लावला. पुढच्या लाकडाचा स्क्रू सैल होता, नळीत कापडाचा तुकडा घातला तर काळा निघाला, आणि मागची साइट कुणीतरी कधी तरी हातोडीनं सरकवलेली. हे दुरुस्त करायला परवानाधारक दुकान पुरेसं आहे. सेमी मिळाली असती तरी तिलाही हेच लागलं असतं, आणि ती मळली तर अडकली असती. .315 मळली तरी बोल्टवर हात मारून चालते.

पुतण्याचं गणित वेगळं. त्याला नेमबाजी करायची आहे, आणि त्यात सेमी रायफलीला जागाच नाही. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत एक-एक काडतूस हातानं भरतात. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं ते याच पद्धतीनं. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ 50 मीटरवर 10.4 मिलिमीटरचं असतं. चांगली .22 मॅच बोल्ट मॅच काडतुसानं तिथं दहा गोळ्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरमध्ये ठेवते. .22 ची साधी सेमी साध्या काडतुसानं दोन-तीन सेंटिमीटर घेते. डबे पाडायला मजा, पण स्पर्धेत निरुपयोगी. सेमी हवीच असेल तर ती 25 मीटरच्या पिस्तुलात आहे, पण पुतण्याला पिस्तुलाची गोडी नाही.

.22 साठी परवाना लागतो, आणि त्यासाठी क्लब व सराव दाखवावा लागतो. म्हणून त्याला एअर रायफलपासून सुरू करायला सांगितलं. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असेल तर परवाना लागत नाही. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. कपाशीच्या बोंडातली सरकी त्याहून कितीतरी मोठी. छर्रे स्वस्त, गोदामातसुद्धा रेंज लावता येते, आणि चापाची सवय लागते ती पुढं बोल्टवर जशीच्या तशी कामी येते. सेमीच्या मागं लागलेला पोरगा दोन वर्षं परवान्याच्या फायलीमागं फिरतो. एअर रायफलवाला तेवढ्यात दहा-वीस हजार छर्रे मारून बसतो.

त्यानं क्लबात नाव घातलं. दिवाळीला आला तेव्हा पहिल्या दिवसाचा कागद घडी करून खिशात आणला होता. दहा छर्रे. त्यातल्या तिघांनी जवळजवळ एकच भोक केलं होतं, आणि त्याभोवती त्यानं लाल पेननं गोल काढला होता. मी चष्मा लावला, पट्टी मागितली, आणि बाकीच्या सात भोकांपासून मोजायला सुरुवात केली.