फिटिक, शेररचं सूत्र आणि झिंक ऑक्साइड : काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्सआरडीवरून, म्हणजे पावडरवर क्ष-किरण टाकून मिळणाऱ्या विवर्तनाच्या आलेखावरून, नॅनोकणांचं आकारमान काढायचं म्हटलं की बहुतेक जण त्यातलं सर्वांत उंच पीक (शिखर) घेतात, त्याची निम्म्या उंचीवरची रुंदी मोजतात, शेररच्या सूत्रात घालतात आणि आलेला आकडा पेपरात लिहून मोकळे होतात. १९१८ सालचं हे सूत्र (आकारमान = के × तरंगलांबी ÷ (बीटा × कोसाइन थीटा); बीटा म्हणजे पीकची रुंदी, टू-थीटा म्हणजे पीक येतं तो कोन, के हा एक स्थिरांक) आजही उत्तम चालतं, फक्त रुंदी नीट मोजलेली हवी. त्या मोजणीसाठी मी गेले काही महिने फिटिक हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरते आहे, मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या पावडरींवर. पीक फिट करायला इतकं हाताशी बसणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही. पण यंत्राची स्वतःची रुंदी, म्हणजे यंत्रामुळे पीकमध्ये पडणारी भर, ठाऊक नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आकड्यावर विसंबता येत नाही.

आधी फिटिकबद्दल. दोन रकान्यांची साधी फाइल ते लगेच उघडतं. माउसने बिंदू टिपत गेलं की बेसलाइन (पीकखालची पार्श्वभूमीची रेघ) तयार होते, आणि पीकला गाउसियन, लॉरेन्झियन, स्यूडो-व्हॉइट यांपैकी हवं ते फंक्शन लावता येतं. मी स्यूडो-व्हॉइटच, म्हणजे पहिल्या दोघांचं मिश्रण, लावते. त्यातला शेप हा आकडा शून्याकडे असेल तर पीक गाउसियन, एकाकडे असेल तर लॉरेन्झियन. हा आकडा पुढे फार कामाला येतो. एक गोष्ट मात्र नव्या माणसाने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी: फंक्शनमध्ये दिसणारी रुंदी ही अर्धी रुंदी असते. ती दुप्पट न करता सूत्रात घातली, तर २० नॅनोमीटरचा कण ४० चा होऊन बसतो. आणि बीटा रेडियनमध्ये, कोसाइन थीटाचा, टू-थीटाचा नव्हे. आकारमान फिटिक स्वतः काढून देत नाही. तेवढी एक्सेल शीट आपली आपण करायची.

आता यंत्राची रुंदी. झिंक ऑक्साइडचं (१०१) पीक (कंसातले आकडे स्फटिकातल्या प्रतलाचे) तांब्याच्या किरणांनी ३६.२५ अंशांवर येतं. समजा, त्याची मोजलेली रुंदी ०.४२ अंश आहे आणि त्याच यंत्रावर प्रमाणित पावडरची ०.१२; ही दुसरी रुंदी यंत्राची मानून वजा करायची. काहीच वजा केलं नाही, तर के ०.९ धरून १९.९ नॅनोमीटर येतात. वर्गांची वजाबाकी, म्हणजे गाउसियन रीत, वापरली तर २०.८. सरळ वजाबाकी, म्हणजे लॉरेन्झियन रीत, वापरली तर २७.९. सॅम्पल तेच, पीक तेच. आता मोजलेली रुंदी ०.१६ धरा: गाउसियन रीतीने ७९ आणि लॉरेन्झियनने तब्बल २०९! म्हणून ५० नॅनोमीटरच्या पुढे मी एकच आकडा देत नाही, दोन्ही टोकं देते. शेप ०.७ वगैरे आला, तर खरं उत्तर लॉरेन्झियनकडे झुकलेलं आहे असं धरते.

प्रमाणित पावडर म्हणून निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची लॅंथॅनम हेक्साबोराइड सर्वांत चांगली. ती महाग पडते. भट्टीत नीट तापवलेली, मोठ्या स्फटिकांची सिलिकॉन पावडरही चालते. मात्र स्लिट (किरणांची फट), स्टेप (कोनाची पायरी), सगळं सॅम्पलसारखंच ठेवा. बाहेरून एक्सआरडी करून घेणाऱ्यांनी आलेखाच्या चित्रावर समाधान मानू नये. कच्चा डेटा आणि त्याच यंत्रावरचं प्रमाणित पावडरचं वाचन दोन्ही हक्काने मागावीत. निकेल फिल्टर के-अल्फा-दोन, म्हणजे तांब्याच्या किरणांतली मुख्य रेषेच्या अगदी जवळची दुसरी रेषा, काढत नाही, हेही ध्यानात असू द्या. ३६ अंशांवर या दोन रेषांमधलं अंतर सुमारे ०.०९ अंश असतं, ६८ वर ०.१९. फिटिकमध्ये दुसऱ्या पीकची उंची पहिल्याच्या निम्मी आणि जागा पहिल्याला बांधलेली ठेवता येते. या एका सोयीसाठीसुद्धा मी ते सोडणार नाही.

अनेक पीक्सच्या रुंदीतून आकारमान आणि स्ट्रेन (स्फटिकाच्या जाळीतली ओढाताण) वेगळे करणारा विल्यमसन-हॉलचा आलेख (१९५३) सगळे काढतात आणि बिंदू कसेही विखुरलेले असले तरी त्यातून रेघ ओढून स्ट्रेन लिहितात. हे मला खटकतं. झिंक ऑक्साइडचे कण सी-अक्षाच्या दिशेने लांबट वाढले, तर त्या दिशेचं (००२) पीक आडव्या दिशेच्या (१००) पेक्षा अरुंद असतं. तिथे एकच रेघ बसणार कशी? दोन्ही दिशांची आकारमानं वेगळी द्यावीत, वाचणाऱ्याला कणाचा आकारही कळतो.

टीईएमशी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी) आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका. एक्सआरडी स्फटिक मोजतं, कण नव्हे; एका कणात अनेक स्फटिक असू शकतात. शिवाय एक्सआरडीच्या सरासरीत आकारमानाने मोठ्या स्फटिकांचं वजन जास्त पडतं, तर टीईएमवर आपण एकेक कण मोजतो.

सुटी, स्वच्छ पीक्स असलेल्या पदार्थाला फिटिक पुरतं. टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) अ‍ॅनाटेजची ३७ ते ३९ अंशांतली तीन पीक्स एकमेकांत मिसळतात, तिथे एकेक पीक सोडवत बसण्यात हशील नाही. त्या सॅम्पल्ससाठी मी पूर्ण आलेख एकत्र बसवणारी रिटव्हेल्ड पद्धत घेते, प्रोफेक्स या सॉफ्टवेअरमधून.