वेडर बघायला भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

फ्लेमिंगोच बघायचे असतील तर डोळे झाकून भिगवण, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण तुतवार, टिलवा, चिखल्या अशी चिखलात फिरणारी बारकी मंडळी, म्हणजे वेडर, बघायचे असतील तर आधी पाणी कुठे किती आहे ते विचारा, मग गाडी काढा.

टिलव्याची उंची ती केवढी, त्याला बोटभर पाणी नाहीतर ओला गाळच लागतो. भिगवणला पाणी उजनी धरणाचं, ते फुल्ल भरलेलं असलं की हा गाळ सगळा पाण्याखाली, म्हणून डिसेंबरात जाऊन आलेले बरेच जण "वेडर काही खास नव्हते" म्हणतात. शेतीला पाणी सुटून पातळी उतरली, कुंभारगाव-डिकसळकडे काठ उघडे पडले की मग बघा, साधारण फेब्रुवारी-मार्च, आणि एप्रिलमध्ये जे मागे राहिलेले असतात त्यांच्यातल्या काही गॉडविटच्या (हाही वेडरच, लांब चोचीचा) माना तर विटकरी व्हायला लागलेल्या असतात.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरला तेवढी वाट बघावी लागत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचा जुना बंधारा, गाळाने भरत आलेला, त्यामुळे उथळ पाणी, गवत, दलदल आयतीच. राज्यातली पहिली रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ती उगाच नाही. चापडगावच्या मनोऱ्यावर ट्रायपॉड लावून निवांत बसता येतं, घरचे सोबत असले तरी कुरकुर होत नाही. फक्त गवतामुळे पाणलाव्यासारखे पक्षी समोर असून दिसत नाहीत, आणि बदकं इतकी असतात की लक्ष तिकडेच जातं (माझं तरी जातं).

भिगवणला होडी घ्यायची का? फ्लेमिंगोंसाठी घ्या. वेडरसाठी पैसे वाया, कारण हलत्या होडीत स्कोप (ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण) लागत नाही आणि काठाजवळ गेलात की थवा उठलाच. त्यापेक्षा काठाने चालत जा, गाळपेराची, म्हणजे उघड्या गाळात पेरलेली, पिकं असतात ती तुडवू नका, सूर्य पाठीशी ठेवा आणि एका जागी बसून राहा, पक्षी आपणहून जवळ येतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, तो शिलाई मशीनच्या सुईसारखा टकाटक टोचत धावतो. टेमिंकचा टिलवा पिवळट पायांचा, संथ, बहुतेक एकटादुकटा, आणि उडाला की शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. हा फरक मनोऱ्यावरून साध्या ८ बाय ४२ च्या दुर्बिणीने दिसणं अवघडच, गाळावर बसून दिसतो.

तेव्हा पहिल्यांदाच जाताय, सुट्टी डिसेंबर-जानेवारीतच आहे, तर नांदूर. टिलव्यांवर खरंच डोळे फोडायची तयारी असेल तर भिगवण, पण पातळी उतरल्यावर, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या होडीवाल्याला फोन करून "गाळ उघडा पडलाय का" एवढं विचारून घ्या, फ्लेमिंगोंचं तो न विचारताच सांगेल.