डेबियन ८ वरून १२ वर: टप्प्याटप्प्याने केलेल्या अपग्रेडनंतरचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथसूची आणि पुस्तकांची देवघेव ज्या सर्व्हरवर चालते, त्यावर बरीच वर्षे डेबियन या लिनक्स प्रणालीची आठवी आवृत्ती, म्हणजे ‘जेसी’, होती. ही आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि तिचा दीर्घ मुदतीचा आधारही जून २०२० मध्ये संपला. सर्व काही पुसून नव्याने बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. तरीही आम्ही तीच प्रणाली एपीटी या पॅकेजे (सॉफ्टवेअरचे तयार संच) बसवणाऱ्या साधनाच्या आधारे ९, १०, ११ अशा पायऱ्या चढत १२ पर्यंत, म्हणजे ‘बुकवर्म’पर्यंत, नेली. त्यानंतर कित्येक महिने ती रोजच्या वापरात आहे आणि हा निर्णय योग्य होता, असे मी पूर्ण विश्वासाने सांगू शकतो.

मधली आवृत्ती गाळून उडी मारण्याची सोय डेबियनमध्ये नाही आणि तसा आग्रहही धरू नये. प्रत्येक पॅकेजसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट फक्त लगतच्या मागच्या आवृत्तीवरून येणारी प्रणाली गृहीत धरून लिहिलेल्या असतात. जुनी सेटिंग नव्या जागी नेणे, नाव बदललेले पॅकेज ओळखणे, बाद झालेली सेवा बंद करणे ही कामे त्या त्या पायरीवरच होतात. जेसी आणि स्ट्रेच (डेबियन ९) यांची पॅकेजे आता नेहमीच्या आरशांवर (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) नसून डेबियनच्या अभिलेखागारात आहेत, त्यामुळे पहिले काम सोर्सेस यादीतील, म्हणजे पॅकेजे कुठून आणायची त्या यादीतील, पत्ते बदलण्याचे होते. तेथील जुन्या सुरक्षा-विभागाच्या सूचीची वैधता केव्हाच उलटलेली असल्याने मुदतीची तपासणी तेवढ्यापुरती थांबवावी लागते. डिजिटल सहीची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, कारण साध्या एचटीटीपीवरून उतरवलेले पॅकेज अस्सल आहे याची खात्री त्या सहीवरूनच होते.

प्रत्यक्ष अपग्रेडपूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत घेऊन ती आभासी यंत्रावर चढवली आणि सगळ्या पायऱ्यांची रंगीत तालीम केली. होल्डवर ठेवलेली (बदलू नयेत म्हणून रोखलेली) पॅकेजे सोडवली, डेबियनबाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांची भांडारे) बंद केल्या, आणि काम ‘स्क्रीन’ या जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनात चालवले, जेणेकरून पॅकेज प्रत्यक्ष बसवणारे डीपीकेजी अर्ध्यावर अडकू नये. आधी साधे अपग्रेड आणि मग फुल-अपग्रेड (गरजेनुसार जुनी पॅकेजे काढणारे) हा क्रम प्रकाशन-टिपांत दिलेला आहे. त्या टिपा प्रत्येक आवृत्तीसाठी अथपासून इतिपर्यंत वाचाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ११ मध्ये सुरक्षा-विभागाच्या नावाची घडण बदलली, १२ मध्ये फर्मवेअरसाठी (हार्डवेअरच्या भागांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) वेगळा विभाग झाला. या दोन्ही गोष्टी न वाचता यादीत फक्त आवृत्तीचे नाव बदलणारा माणूस तिथेच अडकतो.

सर्वांत जास्त काळजी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरची घ्यावी लागली, आणि याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. डेबियन १० सोबत जीलिबसी ही प्रणालीची पायाभूत लायब्ररी २.२८ या आवृत्तीत येते आणि तिच्यात अक्षरक्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदललेले आहेत. डेटाबेसमधील मजकुरावरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) जुन्या नियमाने रचलेले असतात आणि शोध मात्र नव्या नियमाने घेतला जातो. सूचीपत्रे एका क्रमाने लावलेली आणि ग्रंथपाल दुसऱ्याच क्रमाने खण उघडतो आहे, अशी ती स्थिती असते. यात कोणताही त्रुटी-संदेश येत नाही. असलेले पुस्तक ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळते, किंवा एकमेव असायला हवा असा क्रमांक दोनदा नोंदला जातो, आणि हे लक्षात येईपर्यंत बराच काळ जाऊ शकतो. म्हणून आम्ही १० च्या पायरीआधीच देवघेव बंद ठेवली, पायरी पूर्ण होताच पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ वरचा डेटाबेस ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ या साधनाने डंप-पद्धतीने (सर्व माहिती बाहेर काढून पुन्हा भरत) पोस्टग्रेएसक्यूएल ११ वर नेला आणि त्या ओघात सर्व इंडेक्स नव्याने बांधले गेले. त्यानंतर लेखकांची मराठी नावे शोधून, प्रत्येक नोंद तिच्या दाखल क्रमांकाशी ताडून पाहिली आणि मगच सभासदांसाठी दार उघडले. ज्यांच्या डेटाबेसमध्ये देवनागरी मजकूर आहे त्यांनी ही पायरी घाईने उरकू नये.

सेटिंगच्या फाइलींबाबत डीपीकेजी प्रत्येक वेळी विचारते: जुनी ठेवायची की नवी घ्यायची. फरक पाहण्याचा पर्याय निवडून, आपला बदल कोणता आणि मूळ पॅकेजचा कोणता हे वाचून उत्तर दिल्यास पुढे त्रास होत नाही. शंका असेल तिथे जुनी ठेवावी, कारण नवी प्रत शेजारी वेगळ्या नावाने जपून ठेवली जाते.

पॅकेज-व्यवस्थेची मर्यादाही स्पष्ट आहे: जे पॅकेजमधून आलेले नाही, त्याची जबाबदारी ती घेत नाही. वेबपाने चालवणारी पीएचपी ही भाषा ५.६ वरून ७.०, ७.३, ७.४ आणि शेवटी ८.२ झाली, आणि पीएचपी ८ मधून ‘ईच’ हे फंक्शन काढून टाकलेले असल्याने सूचीचे स्थानिक पान दुरुस्त करावे लागले. बारकोड-चिठ्ठ्या छापणारी स्क्रिप्ट पायथन भाषेच्या २ ऱ्या आवृत्तीतली होती. बुकवर्ममध्ये पायथन २ नाही, म्हणून ती ३ मध्ये नव्याने लिहून घेतली. नवी प्रणाली कोरी बसवली असती तरी ही दोन्ही कामे टळली नसती.

रोजच्या वापरात सुरक्षा-अद्यतने आपोआप बसतात आणि सूचीचा शोध पूर्वीइतकाच चोख चालतो. एसएसएचने (दूरवरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या जोडणीने) सर्व्हरवर येणाऱ्या एका जुन्या संगणकाचा क्लायंट मात्र बदलावा लागला, कारण नव्या आवृत्तीत एसएचए-१ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या पद्धतीवर आधारलेली आरएसए सही मूळ सेटिंगनुसार स्वीकारली जात नाही. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. कालबाह्य ठरलेली, पण यंत्रावर उरलेली पॅकेजे प्रत्येक पायरीनंतर काढून टाकल्यामुळे नेमके काय बसवलेले आहे हे आज आम्हाला यादीवरून सांगता येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, आली आहे आणि पुढची पायरी तिचीच आहे. तिच्यात तात्पुरत्या फाइलींची टीएमपी निर्देशिका मूळ सेटिंगनुसार मेमरीत ठेवली जाते, आणि आमची रात्रीची बॅकअप-स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप आधी तिथेच उतरवते. त्यामुळे अपग्रेडच्या आधी त्या स्क्रिप्टला डिस्कवरची दुसरी जागा देण्याचे काम सध्या हाती घेतले आहे.