पुन्हा रूट कॅनाल की मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया?

रूट कॅनाल केलेला दात दुखत नाही, तरी एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. जंतुसंसर्गामुळे तिथलं हाड विरघळलेलं असतं. दात राखायचा तर दोन वाटा आहेत: कॅप काढून आतली नळी पुन्हा साफ करून घ्यायची, किंवा हिरडी उघडून मुळाचं टोकच कापायचं. दोन्हींत मुळाच्या टोकाभोवतीच्या ऊती भरून येतात, पण भरण्याची रीत वेगळी.

पुन्हा रूट कॅनाल केलं की डॉक्टर त्या डागाच्या जागी झालेल्या गाठीला हातही लावत नाहीत. जंतूंचा पुरवठा तुटला की शरीर सूज आवरतं आणि कडेकडून नवं हाड धरू लागतं. हे काम संथ आहे. काहींना वर्षभरात फरक दिसतो, काहींना तीन-चार वर्षं लागतात. या काळात दात दुखत नसेल आणि डाग आकसत असेल, तर उगाच घाई करू नये.

शस्त्रक्रियेत खराब ऊती खरवडून काढतात, मुळाचं साधारण ३ मिमी टोक कापतात (बाजूला फुटणाऱ्या बारीक नळ्या बहुतेक तिथेच असतात) आणि कापलेल्या बाजूने नळीत तितकंच खोल सील भरतात. पोकळीत रक्ताची गुठळी धरते, तिची जागा कोवळी ऊती घेते आणि मग भिंतींकडून आत हाड वाढतं. टाके दोन ते पाच दिवसांत निघतात, हिरडी लवकर सांधते. हाडाला मात्र महिने लागतात. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: एमटीए नावाचं सिमेंट वापरलं असेल तर त्याच्यावरही मुळाचं नैसर्गिक आवरण, म्हणजे सिमेंटम, चढू शकतं आणि त्यावर दाताला धरून ठेवणारे तंतू पुन्हा जोडले जातात. जुन्या चांदीच्या भरणाला हे फारसं साधत नसे.

मग शस्त्रक्रियाच बरी का? स्वीडनमधील क्विस्ट आणि राइट यांच्या १९९९ सालच्या अभ्यासात १२ महिन्यांनी शस्त्रक्रियेचे दात जास्त बरे दिसले, ४८ महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे पहिल्या वर्षाच्या एक्स-रेवर निकाल देऊ नये. तंत्रही आता बदललं आहे. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात जुन्या पद्धतीचं यश सुमारे ५९ टक्के, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या आधुनिक शस्त्रक्रियेचं सुमारे ९४ टक्के आढळलं. म्हणून शस्त्रक्रिया करणार असाल तर डॉक्टर सूक्ष्मदर्शक आणि अल्ट्रासॉनिक टोकं (ध्वनिलहरींनी कंप पावणारी बारीक हत्यारं) वापरतात का, हे आवर्जून विचारा.

निवड करताना माझा पहिला प्रश्न असतो: जंतू आहेत कुठे? आधीचं काम अर्धवट असेल, एखादी नळी राहून गेली असेल किंवा कॅप गळत असेल, तर वरूनच पुन्हा साफ करायला हवं. आतली घाण तशीच ठेवून टोक कापलं तर सील किती दिवस पुरेल? उलट आधीचं काम नीट आहे, दातात भक्कम पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेला खिळा) आहे आणि ती काढताना मूळ तडकायची भीती आहे, किंवा साफसफाई दोनदा होऊनही डाग हलत नाही, तर शस्त्रक्रिया रास्त. खालच्या दाढांजवळून नस जाते आणि वरच्या दाढांवर सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी, असतो, त्यामुळे तिथे आधी सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, करणं शहाणपणाचं. मुळाला उभी चीर असेल तर मात्र दोन्ही वाटा बंद होतात आणि बहुधा दात काढावाच लागतो.

आणखी एक गोष्ट. गाठीने हाडाच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही भिंती खाल्ल्या असतील, तर शस्त्रक्रियेनंतर तिथे हाडाऐवजी तंतूंचा व्रण राहू शकतो. एक्स-रेत तो छोट्या काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. ठिपका वाढत नसेल आणि दाताला काही त्रास नसेल, तर तो आजार नाही. त्यासाठी दुसऱ्यांदा हिरडी उघडून घेऊ नका.