बूस्ट वाढवावा की टायमिंग पुढे घ्यावे?

फेरबदल केलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनातून ठरावीक ताकद मिळवण्याचे दोन मार्ग आहेत: बूस्ट (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब) वाढवून ठिणगी उशिरा पाडणे, म्हणजे टायमिंग मागे घेणे, किंवा बूस्ट आवरता ठेवून ठिणगी लवकर पाडणे, म्हणजे टायमिंग पुढे घेणे. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यानंतर क्रँक साधारण 14 ते 16 अंश फिरला असताना सर्वोच्च दाब आला, तर ज्वलनाचा उपयोग उत्तम होतो. बूस्ट वाढला की नॉकिंग (इंधन-हवेच्या मिश्रणाचे आपोआप होणारे, इंजिनाला घातक ज्वलन) टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडून या बिंदूपासून मागे हटावे लागते आणि वाया गेलेली उष्णता थेट टर्बोवर जाते.

या उष्णतेने टर्बो लवकर वेग घेतो, हे खरे. मात्र मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटाच्या सलग चढणीवर, त्यातही मे महिन्यात, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) तापतो, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) टायमिंग आणखी मागे घेतो आणि ताकद नेमकी हवी तिथेच घटते. दुसऱ्या मार्गात कमाल आकडा लहान दिसतो, पण प्रतिसाद तत्पर राहतो. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी निःसंकोचपणे हाच मार्ग सुचवीन.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 7 टक्के कमी असतो. गेज बूस्ट दाखवतो तो भोवतालच्या हवेच्या दाबाच्या वरचा; म्हणून येथे केवळ गेजवरील बूस्ट पाहून बसवलेले टायमिंग घाट उतरल्यावर धोक्याचे ठरू शकते. टायमिंग डायनोवर (ताकद व टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंशाने पुढे न्यावे आणि टॉर्क वाढायचा थांबताच, नॉकिंग झाले नसले तरी, तिथेच थांबावे.