मट, निओमट की एर्क? टर्मिनलमधल्या मेलसाठी निवड करताना

सर्व्हरवरच्या क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीचा) अहवाल मेलने पाठवायचा, एवढंच काम असेल तर मेलएक्स ही कमांड पुरते. फक्त एक तपासा: मेलएक्स या नावाखाली वेगवेगळे प्रोग्राम मिळतात. एस-नेलमध्ये लहान ‘-ए’ म्हणजे फाइल जोडणे, तर बीएसडी-मेलएक्समध्ये तोच ‘-ए’ म्हणजे हेडरमध्ये (पत्राच्या माथ्यावरच्या माहितीत) एक ओळ घालणे. एका मशीनवर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर फाइलशिवाय मेल पाठवते, ती यामुळे. स्क्रिप्ट हलवण्याआधी तिथलं मॅन पेज (कमांडची मदत-पुस्तिका) वाचा.

रोजचा पत्रव्यवहार टर्मिनलमध्येच करायचा असेल, तर मात्र मट, त्याचीच वाढीव शाखा निओमट आणि एर्क या मेल प्रोग्रामांपैकी कुठला घ्यायचा याचा नीट विचार करावा लागतो.

मट १९९५ पासून आहे. आयमॅप (सर्व्हरवरचा मेल वाचण्याची पद्धत) आणि एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत) त्यात आहेत, आणि २०१६च्या १.७ आवृत्तीपासून साइडबारही (फोल्डरांची यादी दाखवणारी बाजूची पट्टी) आहे. त्यामुळे केवळ साइडबारसाठी निओमट घ्यायचं कारण उरलेलं नाही. मटची खरी अडचण वेगळी आहे: तो एका वेळी एकच काम करतो. मोठं आयमॅप फोल्डर उघडलं की सगळे हेडर उतरेपर्यंत स्क्रीन थांबते. हेडर कॅशसाठी (उतरलेले हेडर साठवून ठेवण्यासाठी) डिरेक्टरी नेमून दिली की पुढच्या वेळी फक्त नवे हेडर उतरतात. ही एक ओळ पहिल्याच दिवशी लिहावी. मोठी फाइल पाठवतानाही तसंच थांबावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे पाठवण्याचं काम एमएसएमटीपी या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवून मटची ‘सेंडमेल_वेट’ ही सेटिंग -१ ठेवणे. पण मग मेल गेला नाही तरी मट काही सांगत नाही, कारण तो उत्तराची वाटच बघत नाही. एमएसएमटीपीची लॉग फाइल चालू केल्याशिवाय हा बदल करू नका.

निओमट घ्यावा तो नॉटमचसाठी, म्हणजे मेल शोधणाऱ्या आणि टॅग लावणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीसाठी. वर्षानुवर्षांचा मेल साठला असेल आणि फोल्डरऐवजी शोध आणि टॅग यांवर काम चालत असेल, तर निओमटमधली आभासी मेलबॉक्स (शोधाच्या निकालांतून बनलेले फोल्डर) फार सोयीची आहेत. त्याची किंमतही ओळखा: नॉटमचला मेल स्थानिक डिस्कवर लागतो, म्हणजे सर्व्हरवरचा मेल डिस्कवर उतरवणारं एमबीसिंक आलं, त्याचं वेळापत्रक आलं, प्रत्येक सिंकनंतर इंडेक्स ताजा करणं आलं. जीमेल असेल तर ‘ऑल मेल’ (सगळी पत्रं असलेलं) फोल्डर सिंकमधून वगळा किंवा फक्त तेच घ्या. नाहीतर एकच पत्र दोनदा उतरतं. निओमटच्या खास ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या तर मटकडे परत येता येतं. एकाच फाइलमध्ये मिसळल्या तर मट सुरू होतानाच चुका दाखवतो.

एर्क २०१९चा, गो भाषेत लिहिलेला. पहिल्यांदा चालवला की खातं जोडायला प्रश्न विचारतो, सर्व्हरशी बोलणं मागे चालू ठेवतो, आणि उत्तर लिहितानाच दुसऱ्या टॅबमध्ये जुनं पत्र उघडू देतो. मटमध्येही २.१ पासून संपादक (पत्र लिहायचा एडिटर) मागे चालवता येतो, पण टर्मिनलमधल्या संपादकासाठी टीमक्स किंवा स्क्रीन या एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या प्रोग्रामची जोड लागते. नवख्याला आम्ही एर्कच सुचवू. खात्यांच्या फाइलची परवानगी मात्र ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. इतरांना ती वाचता येत असेल तर एर्क सुरूच होत नाही, आणि ते योग्यच आहे.

मराठी मेलची जोडाक्षरं तिन्हींपैकी कशातही तुटू शकतात, कारण अक्षरं जोडण्याचं काम टर्मिनलचं असतं. लोकेल (सिस्टीमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ आहे याची खात्री करा, तरी बिघाड राहिला तर टर्मिनल बदला. एचटीएमएल मेलसाठी डब्ल्यू३एम हा टर्मिनलमधला ब्राउझर तिन्हींच्या कामी येतो. मट-निओमटमध्ये ते मेलकॅप फाइलमध्ये (कुठल्या प्रकारचा मजकूर कशाने उघडायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्वतः लिहावं लागतं, तर एर्क त्याचा फिल्टर सोबतच देतो.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड यांपैकी कुठेच चालणार नाही. टू-स्टेप पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या. पाठवलेल्या पत्राची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं, म्हणून प्रोग्रामला तीच प्रत ‘सेंट’मध्ये पुन्हा टाकायला सांगू नका.