शीशगंजची मलमपट्टी: रोज होते, म्हणूनच गुण येतो

दिल्लीच्या चांदनी चौकात, गुरुद्वारा शीशगंज साहिबच्या परिसरात ‘वीरजी दा डेरा’चे शीख सेवादार पहाटे फुटपाथवरच बेघरांच्या जखमा धुऊन बांधतात. पैसे घेत नाहीत. त्रिलोचनसिंग ‘वीरजी’ यांनी रुजवलेली ही सेवा. आनंदपूरच्या लढाईत गुरू गोबिंदसिंगांचे शिष्य भाई कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत. तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्यांच्या हाती मलमही दिलं, अशी शीख परंपरा सांगते. त्याच वाटेवरचं हे काम.

मोफत शिबिरं पुष्कळ होतात, पण महिन्यातून एकदा बांधलेल्या पट्टीने चिघळलेली जखम भरत नाही. ती एक-दोन दिवसांत बदलावीच लागते. रस्त्यावर पट्टी भिजते, सुटते, माशी बसते आणि अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. म्हणून रोजच्या सेवेला माझ्या लेखी शिबिरापेक्षा कितीतरी जास्त गुण.

अळ्या पडलेल्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटं ठेवतात. त्या गुदमरून वर आल्या की चिमट्याने एकेक काढायच्या आणि सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, जखम भरपूर धुवायची, कारण टर्पेंटाइन आत राहिलं तर आग होते. खोल गेलेल्या अळ्या एका बैठकीत निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत बघावंच लागतं. चिकटलेली पट्टी ओढली की नवं मांस सोलून निघतं, म्हणून ती आधी पाच-दहा मिनिटं भिजवायची. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, त्यानेही नवं मांस जळतं. पायाच्या जखमेवर क्रेप बँडेज (ताणलं जाणारी पट्टी) पावलापासून वर गुडघ्याकडे गुंडाळायचं आणि बोटं उघडी ठेवायची. ती निळी पडली तर पट्टी आवळली आहे.

फुटपाथवर सगळं होत नाही. हाड दिसतंय, बोट काळं पडलंय, ताप आहे, तर लोकनायकसारखं मोठं सरकारी रुग्णालयच हवं. तिथे ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नावर बेघर माणूस अडतो, त्यामुळे बरोबर जाणारा माणूसही औषधाइतकाच गरजेचा. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्याची जखम अनवाणी चालून पुन्हा उघडते. तिला मऊ तळाची चप्पल लागतेच.

अशा सेवेला मदत करायची तर घरातल्या उरलेल्या गोळ्या नेऊ नका. निर्जंतुक गॉज, चार आणि सहा इंची बँडेज, हातमोजे आणि सलाइनच्या बाटल्या द्या. त्या रोज संपतात.